विहिरीवरची भेट

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या" अशी आज्ञा आपल्या कार्यवाह भगिनींनी केली, तेव्हा प्रथम मी आपल्या तळ्यावरच लिहिणार होते. १५३० साली नागेश देसायांनी गावकऱ्यांच्या साह्याने बांध घालून हे धामापूरचे तळे केले आणि पाचशे वर्षे होत आली तरी पोफळीच्या बागा त्याच पाण्यावर उभ्या आहेत. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचनस्थळ म्हणून मानही मिळाला. पण हे सर्व आपणां सर्वांस ठाऊक आहे, आणि पाहुण्यांपुढे आपण ते इतक्यांदा सांगतो की स्मरणिकेत पुन्हा छापण्याचे प्रयोजन नाही.

मात्र तळ्यावर लिहायला बसले आणि माझ्या थोरल्या आजीची आठवण आली. माझ्या आजीची ही मोठी जाऊ. नवव्या वर्षी विधवा झालेली. अंगावर आलवण, डोईवर पदर घट्ट ओढलेला. ती नेहमी पहाटे, उजाडण्याच्या आत, तळ्यावर स्नानाला जाई आणि कळशी भरून परत येई. का, तर कामाला निघालेल्या माणसाला तिचे तोंड सकाळी दिसू नये. कोणी तिला तसे सांगितल्याचे मी कधी ऐकले नाही. सांगण्याची गरजच नव्हती. १९६२ साली ती वारली, तेव्हा मी बारा वर्षांची होते.

ह्या आठवणीपाशी लेखणी थांबली, आणि मग मला लिहायचे होते ते तळे सुटून दुसरेच मनात आले. ते म्हणजे पंडिता रमाबाईंचे चरित्र. मंडळाच्या सभेत मी हा विषय सांगितला तेव्हा एका भगिनीने स्पष्टच विचारले, "ख्रिस्ती झालेल्या बाईवर आपल्या स्मरणिकेत कशाला?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, म्हणून त्याचे उत्तर देणे भाग आहे. मी भगवतीच्या पायरीवर माथा टेकणारी बाई आहे आणि पुढेही टेकणार आहे. कोणाचा धर्म कोणाला पटवून देण्यासाठी मी हे लिहीत नाही. मला कुतूहल आहे ते एका गोष्टीचे. देव प्रत्यक्ष भेटला असे एखादी बाई म्हणते, तेव्हा तिच्या रोजच्या जगण्यात नेमके काय बदलते? रमाबाईंच्या बाबतीत ते तारीखवार पाहता येते. असे उदाहरण फार थोडे मिळते.

हा विचार माझ्या डोक्यात घातला तो मालवणच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका ख्रिस्ती बाईंनी. मधल्या सुट्टीत डबा खाताना त्या एकदा सहज म्हणाल्या, "रमाबाई आठ वर्षे ख्रिस्ती होत्या, तेव्हा त्यांना ख्रिस्त भेटलेला नव्हता." मला हे वाक्य चमत्कारिक वाटले. धर्म घेतला आणि धर्माचा देव भेटला नाही, हे कसे? नंतर रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली आत्मकथनाची छोटी पुस्तिका वाचली आणि कळले की हे त्यांचे स्वतःचेच म्हणणे आहे.

आता मूळ हकीकत. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि त्याहून मोठे हट्टी. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना शास्त्रीमंडळींपुढे जाब द्यावा लागला, तरी त्यांनी शिकवणे सोडले नाही. पुढे ते वृद्ध झाले तेव्हा रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आईने. पहाटे घरची कामे सुरू होण्यापूर्वी आई तिला मांडीशी घेऊन पाठ देई. भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीला मुखोद्गत होते म्हणतात. हे सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि देवळांतून पुराणे सांगत हिंडत असे. लोक पोथीपुढे ठेवतील तो शिधा, तेच उत्पन्न.

मग दुष्काळ आला. मद्रास इलाख्यात १८७४ च्या सुमारास ह्या कुटुंबाजवळ होते नव्हते ते संपले. दागिने गेले, भांडी गेली. व्रते झाली, ब्राह्मणांना दाने झाली, देवांपुढे अनुष्ठाने झाली. शेवटी रानातली पाने खाण्याची वेळ आली, आणि वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. मुलगा श्रीनिवास आडवा आला. शास्त्र्याच्या मुलाने मजुरी करायची नाही ही शपथ मोडून मी मजुरी करतो, असे तो म्हणाला. पण वडील वाचले नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी रमेला जवळ घेऊन, तुला मी देवाच्या हाती दिले आहे, असे सांगितले. थोड्याच दिवसांत आईही आजारी पडली. आईसाठी रमाबाई शेजारच्या एका घरी भाकरी मागायला गेल्या. शब्द तोंडातून निघेना, डोळ्यांतून नुसते पाणी. त्या बाईने विचारपूस करून भाकरीचा तुकडा दिला. तो आईला गिळताही आला नाही. आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली.

ह्या भागापुढे मी वाचताना पुष्कळ वेळ थांबले होते. ह्या मुलीने देवाला कमी हाक मारली का? हिच्याइतके पारायण आपल्यापैकी कोणी केले आहे?

पुढे ती बहीणभावंडे पायी हिंडली, चार हजार मैलांवर. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून दोघांनी वाळूत खड्डे केले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. १८७८ साली ती कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी त्या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. मानसन्मान झाले, व्याख्याने झाली. पण मनातून श्रद्धा उडालेली होती. केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचायला दिले. धर्मशास्त्रे त्यांनी स्वतः उघडून पाहिली आणि त्यांना असे दिसले की बाकी सर्व बाबतींत ग्रंथांचे एकमेकांशी पटत नाही, पण स्त्रीची जात वाईट आणि नवऱ्याच्या पूजेवाचून तिला गती नाही, ह्यावर मात्र सर्वांचे एकमत. (हे वाचताना मला जनाबाई आठवली, बहिणाबाई आठवली. आपल्या संतांच्या घरी बाईला देवाकडे जायला नवऱ्याची चिठ्ठी लागत नव्हती. पण त्या शास्त्र्यांच्या पोथ्यांत आपली जनी कुठली असायला!)

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी जातीबाहेर विवाह केला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. मुलगी मनोरमा तेव्हा एक वर्षाचीही नव्हती. रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिले आणि पुस्तकाच्या पैशातून वैद्यकी शिकण्यासाठी १८८३ साली विलायतेचा रस्ता धरला. वाँटेज गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहिल्या.

येथे विहिरीची गोष्ट येते. ह्या जोगिणींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे चालवलेले एक घर दाखवले. समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या बायकांना तेथे ठेवून घेत आणि मायेने वागवीत. रमाबाईंना हे नवल वाटले. अशा बायकांना जवळ करावे असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका जोगिणीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला.

ती कथा थोडक्यात अशी. भर दुपारची वेळ. येशू वाटेने थकून एका जुन्या विहिरीच्या काठी बसलेला. शोमरोनी जातीची एक बाई घागर घेऊन एकटीच आली. यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानीत, त्यांच्या भांड्याला तोंड लावीत नसत. येशू यहुदी. त्याने तिच्याकडे पाणी मागितले. ती चकित झाली; तुम्ही माझ्या हातचे पाणी कसे मागता, असे तिने उलट विचारले. मग बोलणे वाढले. तिला पाच नवरे झाले होते आणि आता ज्याच्याकडे ती राहत होती तो तिचा नवरा नव्हता, हे त्याने न सांगता ओळखले, पण तिला हिणवले नाही. उलट देवाची उपासना कुठे करावी, ह्या डोंगरावर की यरुशलेमेत, ह्या तिच्या शंकेला त्याने एखाद्या शिष्याला द्यावे तसे गंभीरपणे उत्तर दिले. ती बाई घागर तिथेच विसरून गावात धावत गेली.

दुपारीच का आली ती? सकाळी गावच्या बायका पाणवठ्यावर असतात म्हणून, असे पुष्कळ जण सांगतात. मला ते कोणी समजावून सांगावे लागले नाही. माझी थोरली आजी उजाडण्यापूर्वी जाई, ही भर उन्हात गेली. वेळ निराळी, कारण एकच.

रमाबाईंच्या मनात ही गोष्ट घर करून राहिली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! जोतीराव फुल्यांसारखे थोडे लोक त्यांच्या बाजूने बोलले, बाकीच्यांनी हळहळ केली किंवा शिव्या दिल्या.

पण गंमत पुढेच आहे. धर्म बदलला तरी बाई बदलली नाही. वाँटेजच्या जोगिणी आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या मुख्य बाई मिस बील ह्यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. त्यात आपली ही पंडिता विलायतेच्या धर्मपंडितांशी अशी वाद घालते की जणू काशीच्या सभेत बसली आहे. देव एक की तीन, चमत्कार खरे की नाहीत, कुठल्या पंथाची शिकवण ग्राह्य धरायची, एकही गोष्ट तिने मुकाट्याने गिळली नाही. चेल्टनहॅमला त्या संस्कृत शिकवीत. मुलग्यांना शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, आणि हिंदुस्थानातल्या बिशपांनी बाईमाणसाने पुरुषांना शिकवणे बरे नाही असे मत दिले, तेव्हा त्यांचा संताप अनावर झाला. एका शास्त्र्याच्या कचाट्यातून सुटून दुसऱ्याच्या कचाट्यात जायला मी इतक्या लांब आलेले नाही, असाच त्या पत्रांचा एकंदर सूर आहे. मला ही रमाबाई फार आवडते, हे कबूल केले पाहिजे.

१८८६ साली आनंदीबाई जोशांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेत गेल्या. तिकडे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, विधवांच्या शाळेसाठी मदतीची संस्था उभी केली, आणि परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले. सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती आपल्या कोकणातली, देवरुखची गोदूबाई. हीच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली. ह्या पुनर्विवाहाने मुरूड गावात जो बहिष्कार पडला तो आपल्या कोकणच्या इतिहासाचा भाग आहे.

शारदा सदन कसे चाले हे येथे मुद्दाम सांगते, कारण माझा सारा मुद्दा त्यावर उभा आहे. ते उच्चवर्णीय विधवांसाठी होते. मुलींचे सोवळेओवळे, स्वयंपाकपाणी त्यांच्या त्यांच्या रीतीने चाले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील असे रमाबाईंनी वचन दिले होते. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारखे मोठे लोक सल्लागार होते. थोडक्यात, ती एक उत्तम, सुविचारी, सुधारकी संस्था होती, आणि ख्रिस्ती धर्म घेतलेली एक बुद्धिमान बाई ती चालवीत होती. १८९० च्या अखेरीस संस्था पुण्यास आली.

आणि १८९१ च्या सुमारास ती घटना घडली. घटना म्हणायला बाहेर काही दिसले नाही. दिव्य ज्योत नाही, आकाशवाणी नाही. रमाबाई एक पुस्तक वाचीत होत्या. ते विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र होते. हा हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या बाल्ढू गावचा धर्मगुरू. वर्षानुवर्षे देवळात उपदेश करणारा. १८५१ साली एका रविवारी तो प्रवचन करीत असता मध्येच त्याला उमगले की आपण लोकांना ज्याच्याविषयी सांगतो आहोत त्याची आपली ओळखच नाही. बोलता बोलता त्याचा चेहरा आणि आवाज असा बदलला की समोर बसलेल्यांतला एकजण उठून ओरडला, आपल्या पाद्र्याचेच परिवर्तन झाले! आपल्याकडे एखादा कीर्तनकार आख्यान रंगात असताना स्वतःच रडू लागावा आणि श्रोत्यांनी समजावे की आज बुवांना विठोबा भेटला, तसा प्रकार.

हे वाचून रमाबाई स्वतःकडे वळल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा जीव असा जो ख्रिस्त, तो काही सापडलेला नाही, असे त्यांना दिसून आले. आठ वर्षे त्यांनी मतांची पारख केली, ग्रंथ ताडून पाहिले, पंथांची तुलना केली. आणि हे सारे शास्त्र्याच्या लेकीला शोभेसेच होते. पण विहिरीवरची ती बाई अशी तुलना करीत बसली नव्हती. रमाबाईंनी लिहिले आहे की आता त्यांनी जशा आहोत तशा, काहीही पुण्य हाती नसताना, स्वतःला त्याच्या हवाली केले आणि मनावरचे ओझे उतरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना आनंद कळला.

आपल्या भाषेत दर्शन आणि भेट हे दोन निराळे शब्द आहेत. दर्शनाला आपण रांगेत उभ्या राहतो आणि लांबून हात जोडतो. भेट म्हटली की ऊराऊरी आलीच. पंढरीला जाणारे वारकरी विठोबाच्या भेटीचीच गोष्ट बोलतात, आणि जनाबाईला तर तो दळू लागला असे आपण जात्यावर ऐकत आलो. रमाबाईंना जे झाले ते ह्या दुसऱ्या जातीचे होते, एवढेच मला कळते. ते खरे की मनाचा खेळ, हे मापायला माझ्यापाशी तराजू नाही. पुढची वीसतीस वर्षे मात्र आहेत, आणि ती तपासता येतात.

पहिला परिणाम वाईट झाला. तो लपवून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. काहींचे मन तिकडे ओढले. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ साली रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. रमाबाई म्हणत की मी कोणाला बोलावले नाही, आणि येणाऱ्याला हाकलणार नाही. हे त्यांच्या दृष्टीने खरेच होते. परंतु ज्या पित्याने आपली विधवा पोर तटस्थतेच्या वचनावर पाठवली, त्याचा विश्वास मोडला हेही खरे आहे. ज्या संस्थेत मुली सज्ञान नसतात तेथे उघडे दार हेही एक आमंत्रणच असते, असे माझे मत आहे. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी निराळा आश्रम काढला त्यामागे हा गमावलेला विश्वासही एक कारण होता. देवाच्या भेटीने माणूस एकदम निर्दोष होत नाही, असे दिसते.

दुसरा परिणाम दिसायला पाच वर्षे लागली. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. पुण्यात बातम्या येत होत्या. अनाथ मुली रस्त्यावर आहेत, त्यांना पळवून नेणारी माणसे टपून आहेत. रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचे आपले रान आठवले, ती पाने आठवली, तो भाकरीचा तुकडा आठवला. त्या निघाल्या आणि दुष्काळी मुलुखातून तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या.

भगिनींनो, ह्या मुली कशा होत्या ते ध्यानात घ्या. शारदा सदनात येणाऱ्या मुली लुगडे नेसलेल्या, भावाच्या सोबतीने टांग्यातून उतरणाऱ्या. ह्या मुली हाडांच्या सापळ्यासारख्या, उवांनी भरलेल्या, अंगावर फोड, कोणी रोगट, कोणाची अब्रू घेतलेली, आणि जात तर कोणी विचारायलाच जाऊ नये. जातीचे पाणी राखणारी संस्था येथे संपली. पुण्यात प्लेगची साथ होती. इतकी माणसे शहरात ठेवू देईनात, म्हणून ह्या सर्वांना केडगावच्या शेतावर नेले. ते शेत संस्थेने आधीच घेतलेले होते. झोपड्या घातल्या. जुन्या मुलींकडे नव्या मुली सोपवल्या. ज्यांना काल परवापर्यंत विटाळाची भीती होती त्यांनी ह्या पोरींचे केस धुतले, फोड पुसले, त्यांना एका पाण्यावर आणि एका पंक्तीला बसवले. ह्या वस्तीचे नाव पडले 'मुक्ती'.

१९०० साली गुजराथेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी मुली आल्या, आणि केडगावचा आकडा दोन हजारांच्या जवळ गेला. इतक्या तोंडांना रोजचे पाणी हवे, म्हणून विहिरी खणल्या. शेती केली, भाजीमळा केला, हातमाग, तेलाची घाणी, दुभती जनावरे, छापखाना. खिळे जुळवणाऱ्या मुलीच, यंत्र चालवणाऱ्याही मुलीच. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन काढले. फुलहॅमचे ते घर रमाबाई विसरल्या नव्हत्या. आंधळ्या मुलींसाठी निराळी व्यवस्था केली. त्यांना बोटांनी वाचायला शिकवण्याचे काम मनोरमेने अंगावर घेतले.

१९०५ साली मुक्तीत मुलींमध्ये प्रार्थनेची एक लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी रडत, हाका मारीत प्रार्थना करू लागल्या. देशोदेशींचे लोक ते पाहायला आले. मला तो प्रसंग दुरूनच पाहावासा वाटतो. इतक्या उपाशी, मारलेल्या, हरवलेल्या पोरी एका छपराखाली आल्यावर कधीतरी त्यांचा बांध फुटणारच, असे एक शिक्षिका म्हणून मला वाटते. माझ्या सहकारी बाईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, बांध फोडणारा कोणी असतोच.

त्याच वर्षांत रमाबाईंनी आयुष्याचे शेवटचे काम हाती घेतले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे ते काम. ज्या बाईच्या जिभेवर अठरा हजार श्लोक होते, तिने ठरवले की जड संस्कृत शब्द वापरायचे नाहीत; केडगावच्या शेतावर काम करणाऱ्या बाईला ऐकून कळेल तेच लिहायचे. वाङ्मय म्हणून ते भाषांतर ओबडधोबड आहे, असे जाणकार म्हणतात आणि मलाही काही ठिकाणी अडखळायला झाले. पण पंडितेने आपले पांडित्य आपण होऊन खाली ठेवावे ही लहान गोष्ट नव्हे. चेल्टनहॅमला बिशपांशी भांडणारी बाई आणि ही बाई ह्यांच्यामध्ये काहीतरी घडले होते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली, चाळिशीतच. आईच्या मागे सारा भार तिनेच सांभाळायचा होता. रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ते पुरे होत आले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. पुरे बायबल १९२४ साली छापून निघाले. दौंड तालुक्यातल्या केडगावी मुक्ती मिशन आजही आहे.

रमाबाईंसारखे एकदम सर्वांचेच होत नाही. ह्याच काळातले रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपल्याच मुलखाचे. त्यांचे करजगाव रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि आपला भागही १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. त्या वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याजवळ येऊनही सोवळे सांभाळून राहिल्या. जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात एकदा उभा राहिला आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. आधी पाणी सुटले, बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला. 'स्मृतिचित्रे' आपल्या वाचनालयात आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी न्यावे. हसून हसून पुरेवाट होते आणि मग डोळे पुसावे लागतात.

आता थोरल्या आजीची एक गोष्ट सांगून पुरे करते. मी नऊदहा वर्षांची असताना एकदा हट्ट करून पहाटे तिच्याबरोबर तळ्यावर गेले होते. काळोख होता. पलीकडे भगवतीच्या देवळात एक दिवा दिसत होता, तेवढाच काय तो उजेड. ती न्हाऊन आली, लुगडे पिळले आणि पायरीवर माझ्याशेजारी टेकली. ती रोज माळ ओढी, एकादशा करी, चातुर्मास पाळी, म्हणून मी पोरकटपणे विचारले, "आजी, तुका देव भेटलो?"

तिने बराच वेळ दिव्याकडे पाहिले. "भेटाक खंय गो," ती म्हणाली, "माका तो लांबसूनच दिसलो." मग पूर्वेकडे पाहून घाईने उठली, कळशी कमरेवर घेतली, आणि कोणी वाटेत भेटण्याच्या आत आम्ही घरी आलो.